धाकटीची पहाट

माझ्या आईला आयुष्यात एकाच माणसाचा हेवा वाटला, आणि ते माणूस म्हणजे तिची सख्खी धाकटी बहीण. हे मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. आईनेच मला सांगितलं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, मटार सोलता सोलता, आणि सांगताना एकदाही मान वर केली नाही.

आई एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात सुपरवायझर होती. जागा तळघरात. दिवसाला हजारभर चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनचे हिरवे कपडे. माणूस आत मावेल एवढी धुण्याची यंत्रं दिवसभर घरघरत असायची, त्यात बॉयलरचा फुसकारा वेगळा. तिथे कुणाला काही सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागे. बावीस वर्षं ओरडून ओरडून आईचा आवाज असा झाला होता की हाताखालच्या बायका पाठीमागे तिला ‘भोंगा’ म्हणत. आईला ते माहीत होतं, आणि मनातून जरा आवडतही होतं. घरी आली तरी तो आवाज खाली उतरत नसे. जेवताना तिने मीठ मागितलं तर वरच्या मजल्यावरच्यांनी मिठाचं भांडं घेऊन खाली यावं, असं बाबा म्हणायचे.

देवाच्या बाबतीत आई पक्की. सगळ्या प्रार्थना तोंडपाठ. चहाला उकळी येईपर्यंत एक, केस विंचरताना दुसरी, बसथांब्यापर्यंत झपाझप चालताना तिसरी. गल्लीच्या टोकाच्या प्रार्थनागृहात झाडू मारायला, फुलं लावायला, कुणाच्या घरी आजारपण असेल तर डबा पोचवायला ती सगळ्यांच्या पुढे. देवाशी ती दिवसभर बोलत असायची. देवाला मध्ये बोलायला फट मिळेल, अशी सोय मात्र तिच्या दिवसात कुठेच नव्हती.

मी सोळा वर्षांची असताना मावशी आमच्याकडे राहायला आली. आजोबांना पक्षाघात झाल्यापासून अकरा वर्षं तिने त्यांचं सगळं केलं होतं. त्यात लग्न राहून गेलं, नोकरी राहून गेली. आजोबा गेले आणि त्यांचं भाड्याचं घरही सोडावं लागलं. एक ट्रंक आणि कपड्यांची पिशवी घेऊन ती आली, आणि आईने स्वयंपाकघराला लागून असलेली सामानाची खोली रिकामी करून तिला दिली. खोली कसली, खोका. एक कॉट, एक स्टूल, आणि खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत.

पहिल्याच आठवड्यात आमच्या लक्षात आलं की मावशी पहाटे पाचला उठून त्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसते. हातात पुस्तक नाही, ओठ हलत नाहीत, डोळे कधी मिटलेले, कधी उघडे. साडेपाच-पावणेसहाला उठते ती चेहरा निवलेला, आणि कामाला लागते.

“बसल्या बसल्या झोपते बहुतेक,” बाबा म्हणाले.

“विचारलंस का तू?” आई मला म्हणाली.

मी विचारलं. मावशी म्हणाली, “देवासाठी बसते गं थोडा वेळ. त्याला काही सांगायचं असलं तर मी घरात असावं.”

मी हे आईला सांगितलं आणि आईच्या हातातली बशी बेसिनमध्ये जरा जोरात आपटली.

पुढचं सगळं त्या वाक्यातून निघालं, असं आई म्हणते. कारण मावशी लहानपणापासून देवाधर्मातली नव्हती. प्रार्थनेच्या वेळी ती खिडकीबाहेरचे पक्षी मोजायची आणि आई तिला चिमटा काढायची. एवढी वर्षं झाडू मारला आईने, फुलं लावली आईने, आणि देव येऊन बसणार हिच्या खोक्यात, भिंतीसमोर?

त्याच्या मुळाशी आणखी जुनं दुखणं होतं. आजोबांची वाचा पक्षाघाताने जवळपास गेली होती. आई दर रविवारी त्यांना भेटायला जायची, सूप भरवायची, चादर बदलायची, नखं कापायची. अकरा वर्षांत ते आईशी एक धड वाक्य बोलले नाहीत. मावशीशी मात्र बोलायचे. काय काय बोलले ते मावशी सांगायची, आणि आईला वाटायचं, आपण रविवारची पाहुणी आणि ही घरची. “आधी आमचे बाबा तिच्याशीच बोलायचे, आता देवही,” मटार सोलताना आई म्हणाली. “मग मी कोण, सांग ना. धोबीण?”

आणि मावशीकडे माणसं ओढली जात होती, तेही आईला दिसत होतं. समोरच्या घरातली बाई आधी आईकडे यायची, ती आता पीठ चाळायच्या निमित्ताने मावशीजवळ जाऊन बसू लागली. बाबा, जे घरात चार शब्दांच्या वर बोलत नसत, ते तिला आपल्या बसडेपोतल्या साहेबाबद्दल सांगताना आईने ऐकले. मीसुद्धा शाळेतून आले की दप्तर टाकून सरळ तिच्या खोलीत. मावशी फार सल्ले देत नसे. ती ऐकायची, आणि आपलं बोलून झालं तरी लगेच तोंड उघडायची नाही. त्या मधल्या वेळात आपल्यालाच आणखी काहीतरी खरं बोलावंसं वाटायचं.

आईने मग स्वतः बसून पाहिलं. कुणाला न सांगता पावणेपाचचा गजर लावला आणि जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे तोंड करून बसली. तिसऱ्या मिनिटाला तिला आठवलं की गॅस संपत आलाय. पाचव्या मिनिटाला भिंतीवरचा डाग दिसला. सातव्या मिनिटाला ती ओलं फडकं घेऊन डाग पुसत होती. तसे चार दिवस केले. चौथ्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरातली सगळी फडताळं लखलखत होती आणि देवाने चकार शब्द काढला नव्हता.

त्या दिवशी तिने मावशीला गाठलंच. मी तिथेच बसले होते.

“काय गं, काय बोलतो देव तुझ्याशी?”

“काही नाही बोलत, ताई.”

“रोज अर्धा अर्धा तास काहीच नाही?”

“बहुतेक दिवशी काहीच नाही. माझंच डोकं बडबडत असतं. कधीतरी ते गप्प होतं, तेवढंच.”

“मग चेहरा कशाने असा होतो तुझा?”

“कसा?”

आई उठून गेली. तिला खात्री पटली की धाकटी लपवते आहे. लहानपणी खाऊ लपवायची तशी.

मग बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. पहाटे पाचला रेडिओ लागू लागला. “बातम्या ऐकायच्यात मला.” बटाट्याची पोती, जुनी इस्त्री, बाबांचे तुटके बूट पुन्हा त्या खोलीत जाऊन पडले आणि स्टुलाला जागा उरली नाही. मावशी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसू लागली. तिथे दूधवाला यायचा, वरचे भाडेकरू फिरायला निघायचे, प्रत्येक जण “काय, बरं नाही का?” विचारायचा. तरी ती बसायची. आईला ते आणखीच झोंबलं.

आणि मग आईने ते केलं.

धुलाई विभागात पहिल्या पाळीत एक जागा रिकामी झाली. पहिली पाळी म्हणजे पहाटे साडेपाचला कामावर हजर. घरातून पावणेपाचला निघायचं. वॉर्डांतून रात्रभरात आलेले मळलेले कपडे वेगळे करायचे, हे सगळ्यात वाईट काम. आईने वरिष्ठांकडे मावशीचं नाव दिलं.

“घरात बसून हाडं गंजतील तुझी,” ती जेवताना म्हणाली. “चार माणसांत जाशील. तुझ्या भल्यासाठीच सांगते.”

बाबा म्हणाले, “वा, घरातल्या घरात जमलं की.” समोरच्या बाईलाही आईचं कौतुक वाटलं. बहिणीसाठी किती करते!

मावशीने घास खाली ठेवला आणि आईकडे पाहत राहिली. “दुपारची पाळी नाही का ताई?”

“दुपारची भरलेली आहे.”

ती भरलेली नव्हती. हेही आईनेच मला सांगितलं.

“तुला हवंय का, मी जावं?”

“मला काय करायचंय? तुझं तू बघ.”

“बरं,” मावशी म्हणाली. “जाते.”

सात महिने ती गेली. मी तिला डोळ्यांसमोर विझताना पाहिलं. सकाळी साडेचारला तिच्या खोलीतला दिवा लागायचा आणि पंधरा मिनिटांत दार वाजायचं. दुपारी दोनला यायची ती कपडे न बदलता कॉटवर पडायची. सुरुवातीला संध्याकाळी बसायचा प्रयत्न करायची, पण बसली की मान छातीवर पडायची. समोरची बाई एकदोनदा येऊन परत गेली आणि मग यायचीच थांबली. बाबांची गाडी पुन्हा चार शब्दांवर आली.

एकदा मी परीक्षेत दोन विषयांत नापास झाले. आईला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून प्रगतिपुस्तक घेऊन मावशीकडे गेले. ती पाय बादलीत बुडवून बसली होती. मी अर्धं सांगितलं असेल नसेल, ती म्हणाली, “मग मी काय करू? अभ्यास केला असतास तर झाली असतीस पास. जा आता.”

मी रडत बाहेर आले. आई स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. तिने मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, प्रगतिपुस्तकाबद्दल एक शब्द बोलली नाही. त्या दिवसाची ही आठवण मी वर्षानुवर्षं मायेची म्हणून जपली होती. “मला गोड वाटलं होतं तेव्हा,” आई आता म्हणाली. “तू रडत होतीस आणि मला आत कुठेतरी गोड वाटलं. की बघ, तीसुद्धा आमच्यासारखीच.”

त्यानंतर थोड्याच दिवसांत आईचा आवाज गेला.

आधी घोगरा झाला, मग फाटला, मग एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. तिच्याच हॉस्पिटलच्या घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आल्यात, घाबरण्यासारख्या नाहीत, पण तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कामावर जायचं नाही. बाबांनी डॉक्टरांना विचारलं, “चार आठवडे करता येतील का?” आईने त्यांना पर्स मारली.

घरी तिला एक वही आणि पेन्सिल दिली. दोनच दिवसांत ती मेटाकुटीला आली. ती लिहायला लागली की आम्ही डोकावून पुढचं आम्हीच बोलून टाकायचो. “पाणी? पाणी हवंय? नाही? औषध? खिडकी लावू?” ती मान हलवत राहायची, आम्ही अंदाज करत राहायचो, शेवटी ती वही मिटून भिंतीकडे वळायची. बाबा म्हणायचे, “काही नाही, थकलीय ती.” समोरची बाई भेटायला आली ती मोठ्याने आणि सावकाश बोलली, जणू आईला ऐकू येणं बंद झालंय.

फक्त मावशी दुपारी यायची, आईच्या कॉटच्या कडेला टेकायची, आणि आई लिहीत असताना दुसरीकडे बघायची. पूर्ण लिहून होईपर्यंत. दमून डोळे मिटत असायचे तिचे, तरीही.

सकाळी मी शाळेत, बाबा डेपोत, मावशी पहिल्या पाळीत. आई घरात एकटी. रेडिओ ऐकून ऐकून कंटाळली, फडताळं सगळी पुसून झाली. सातव्या की आठव्या दिवशी ती सामानाच्या खोलीत गेली, बटाट्याची पोती बाजूला सारली आणि स्टुलावर बसली. देवासाठी नव्हे, आई म्हणते. ही बया नेमकी बघते तरी काय, ते बघायला.

समोर भिंत होती. प्लास्टर उडालेली, मधून एक पाइप खाली आलेला. प्रार्थना म्हणावी म्हटलं तर आवाज नाही, आणि मनातल्या मनात म्हणायची तिला सवय नव्हती. ती नुसती बसली. पहिल्या दिवशी तिच्या डोक्यात धुलाई विभाग घरघरत होता. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी घरघर थोडी लांब गेली. चौथ्या दिवशी तिला शेजारच्या नळाचं टपटपणं ऐकू आलं, खाली कुणीतरी केर काढत होतं ते ऐकू आलं, आणि मग, टपटपण्याइतकंच साधं, ऐकू आलं: तू तिचं काढून घेतलंस.

“देव बोलला असं मी म्हणणार नाही,” आईने मला सांगितलं. “मोठ्या बाता कशाला मारू. पण तो माझा आवाज नव्हता. मी स्वतःला बोलते तेव्हा आरडाओरडा करते. हा ओरडत नव्हता. रागावलेलाही नव्हता. नुसतं सांगितलं, आणि थांबला.”

“मग?”

“मग काय. तासभर हलता आलं नाही.”

त्या दुपारी मी शाळेतून लवकर आले होते, आणि पुढचं मी खोलीच्या दारातून पाहिलं, तेव्हा अर्थ लागला नसला तरी. मावशी येऊन कॉटवर बसली. आईने वही तिच्या हातात दिली. दोन्ही बाजूंनी पानभर लिहिलेलं होतं. मावशीने वाचलं, पान उलटलं, वाचलं, आणि वही मांडीवर ठेवली.

“मला माहीत होतं, ताई,” ती म्हणाली.

आईने वही ओढून घेतली आणि खरडलं. मग गेलीस कशाला?

“तुझ्या घरात राहते मी. जाऊ कुठे?”

आईची पेन्सिल थांबली.

“आणि मी काही साध्वी नाही,” मावशी म्हणाली. मी तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. “सात महिने मी तुझा राग राग केलाय. एकेक घाण चादर उचलताना तुझं नाव घेतलंय. अकरा वर्षं मला कुठे जाता आलं नाही, काही करता आलं नाही. त्यातून हाती एवढीच एक गोष्ट आली होती, आणि तीही तुला बघवली नाही?”

आई रडायला लागली. आवाज नसलेलं रडणं बघायला फार वाईट दिसतं. बऱ्याच वेळाने तिने पुन्हा वही घेतली. या वेळी एकच ओळ. आपले बाबा माझ्याशी का नाही बोलले?

मावशीने ओळ वाचली आणि तिचा चेहरा बदलला. राग गेला नाही, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं.

“तू बोलू द्यायचीस कुठे त्यांना? त्यांनी ‘पा’ म्हटलं की तू पाणी आणायचीस. ‘पाय दुखतोय’ म्हणायचं असायचं त्यांना. एकेका शब्दाला पाच-पाच मिनिटं लागायची, ताई. मलाही पहिली दोन वर्षं जमलं नाही, मीही अंदाज करायची, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मग एकदा मी इतकी दमले होते की अंदाज करायचंही त्राण नव्हतं. नुसती बसून राहिले. आणि त्यांनी अख्खं वाक्य पुरं केलं. अर्धा तास लागला त्याला. तेव्हापासून मी बसायला लागले. ते गेल्यावर सवय राहिली, आणि समोर कुणी नव्हतं. मग म्हटलं, देव तरी असेल.”

आईने लिहून विचारलं, काय म्हणाले होते?

“म्हणाले, ‘थोरलीला सांग, सूप फार गरम असतं.’”

आधी मावशीला हसू फुटलं. आईही हसली, तोंडावर हात दाबून, कारण डॉक्टरांनी हसायलाही बंदी केली होती.

तीन आठवड्यांनी आई कामावर गेली ती थेट वरिष्ठांकडे. मावशीला शिवणाच्या खोलीत घेतलं. फाटलेल्या चादरी सांधायचं काम, सकाळी नऊपासून. पहिल्या पाळीवर सुपरवायझर म्हणून आई स्वतः जाऊ लागली. लोकांना वाटलं घशामुळे तिने हलकी पाळी मागितली. ती हलकी मुळीच नव्हती. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं ती पहाटे चारला उठली. सामानाच्या खोलीतलं सगळं तिने गच्चीवरच्या फडताळात हलवलं आणि बाबांना बजावलं, एक बूट जरी इथे दिसला तर बघा.

हेवा मात्र असा एका दुपारीत जात नाही. मला दिवस राहिल्याची बातमी मी आधी मावशीला सांगितली तेव्हा आई त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनेच मला फोन करून सांगितलं, “काल मी तुझ्यावर रुसले होते. आता नाहीये.” पूर्वी ती हे कधी बोलली नसती.

आणि तीही बसायला लागली. पहाटे बॉयलर पेटवल्यावर वाफेचा दाब चढायला पंधरा मिनिटं लागतात, तोवर एकही यंत्र चालू करता येत नाही. ती पंधरा मिनिटं आई आधी बायकांना झापण्यात घालवायची. आता ती कपड्यांच्या ढकलगाडीच्या कडेला टेकून गप्प बसायची. बायकांना आधी वाटलं पुन्हा घसा गेला. मग त्यांना सवय झाली. काही ऐकू येतं का, असं मी विचारलं की ती म्हणते, “वर्षातून एखाद्या वेळेस. आणि दर वेळी माझ्या सोयीचं नसतं.”

बाबा गेल्यापासून त्या दोघीच त्या घरात राहतात. न्हाणीघरात आधी कोण जाणार यावरून रोज वाद होतात. सकाळी दोघी आपापल्या खोलीत बसतात, आणि चहाला आल्यावर आई न चुकता विचारते, “किती वेळ बसलीस?”

मावशी चांगली पाऊण तास बसते. मी तिथे राहायला जाते तेव्हा घड्याळ लावून पाहिलंय. पण ती सांगते, “झाली असतील दहा मिनिटं.”

“माझी बारा झाली,” आई म्हणते, आणि कपात साखर घालते.